कोपर आम्ही धरायचं

मी जन्मापासून अंध आहे. गेली पंधरा वर्षं बँकेत नोकरी करते आणि दर रविवारी सकाळी पुण्यात अंध मुलामुलींना संगणक शिकवते. नवीन आलेलं प्रत्येक मूल महिन्याभरात एकदा तरी विचारतं, "ताई, तुम्ही सारखं मुक्त सॉफ्टवेअर, मुक्त सॉफ्टवेअर का करता? काम झाल्याशी कारण." त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे.

१. चाळीस मिनिटांत अर्ज लिहून होत नाही

दहावीपर्यंत माझं शिक्षण ब्रेलच्या पाटीवर आणि लेखनिकाच्या भरवशावर झालं. बोलणारा संगणक पहिल्यांदा ऐकला तो २००४ साली, कॉलेजात. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. आमच्या संगणकावर होता तो परदेशी आणि महाग. एका परवान्याची किंमत माझ्या वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. तो कुठून घेणार? मग आम्ही चाचणीची आवृत्ती वापरायचो. ती चाळीस मिनिटं बोलायची आणि मग गप्प व्हायची. पुन्हा बोलती करायला अख्खा संगणक बंद करून चालू करावा लागे.

डोळस माणसाला हे कसं सांगावं? समजा तुम्ही पत्र लिहिताय आणि दर चाळीस मिनिटांनी कोणीतरी खोलीतले दिवे घालवतं. आम्ही चौघं एका संगणकावर असायचो. एकजण मनात वेळ मोजायचा, पस्तिसाव्या मिनिटाला "सेव्ह कर" म्हणून ओरडायचा. माझा शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज मी चार बैठकांत लिहिला. आपला आवाज कोणीतरी लांबून बंद करू शकतं, ही जाणीव मला राजकारण वाचून झालेली नाही. ती त्या खोलीत झाली.

२. आम्ही चोरी करत होतो

हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही. पुढे आमच्या वसतिगृहात त्या प्रोग्रामची कुलूप तोडलेली सीडी आली आणि हातोहात फिरली. मी ती वापरली, चार जणांना दिलीही. वाचता यावं एवढ्यासाठी एका अख्ख्या पिढीला चोर व्हावं लागलं. त्यातले बरेच जण आज शिक्षक आहेत, बँकेत आहेत, मंत्रालयात आहेत, आणि या विषयावर गप्प बसतात.

२००९मध्ये एका मित्रानं पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि म्हणाला, "यात एनव्हीडीए आहे. फुकट आहे. चोरीचं नाही." ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६मध्ये हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. जेम्स टेह हा त्याचा मित्रही अंध. लहानपणी एका संगीत शिबिरात भेटलेले हे दोघं पुढे मिळून काम करू लागले. ज्याला गरज आहे त्यानंच ते लिहिलं आणि कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला. मी मुक्त सॉफ्टवेअर म्हणते ते हेच. पेनड्राइव्हवरूनही चालायचं, म्हणजे कुठल्याही सायबर कॅफेत जाऊन कोणाची परवानगी न मागता मी ते सुरू करू शकत होते. आवाज यंत्राचा, खरखरीत. त्या रात्री मी तीन वाजेपर्यंत बसले. चाळीस मिनिटं उलटली, तो बोलत राहिला. एक तास झाला, तरी बोलत राहिला. मी मुद्दाम काही न करता नुसती बाणाची कळ दाबत होते.

३. "ग्यानेश्वर" दुरुस्त करता आलं पाहिजे

यंत्राला मराठी शिकवताना 'ज्ञ' हिंदीसारखा होतो. 'चमचा'तला च आणि 'चित्र'तला च वेगळे, 'जहाज'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळे, हे लिपीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्या जिभेला माहीत असतं. सुरुवातीला माझा संगणक माउलींना "ग्यानेश्वर" म्हणायचा आणि माझ्या आजीचा जीव तळमळायचा.

बंद प्रोग्राम असता तर कंपनीला पत्र लिहून वाट बघत बसले असते, आणि मराठी अंध हा काही कोणाचा मोठा बाजार नाही. एनव्हीडीएमध्ये उच्चारांचा शब्दकोश असतो. शब्द लिहायचा, त्याच्यापुढे तो कसा म्हणायचा ते लिहायचं. त्याहून खोल जायचं असेल तर ईस्पीक या आवाजाचे मराठी नियम साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये उघडे ठेवलेले आहेत. कोणीही वाचावेत, सुधारावेत, परत पाठवावेत. माझ्या शब्दकोशात आज चारशेच्या वर नोंदी आहेत. त्यांतल्या निम्म्या मुलांनी घातलेल्या: गावांची नावं, आडनावं, खतांची नावं, शासन निर्णयांतली लघुरूपं. हा शब्दकोश एक फाइल आहे. नवीन मूल आलं की ती त्याच्या संगणकावर चढवते.

४. कोपर आम्ही धरायचं

मुलांना मी सगळ्यात जास्त वेळ या मुद्द्यावर थांबवते.

पांढरी काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की मदतीला माणसं येतात. मनानं चांगली असतात. पण बहुतेकजण दंड पकडून ओढत नेतात. आम्हाला शाळेत शिकवलेली रीत उलटी आहे: वाट दाखवणाऱ्याचं कोपर मागून आपण धरायचं, त्यानं अर्धं पाऊल पुढे चालायचं. मग त्याचं वळणं, थांबणं, पायरी चढणं आपल्या हाताला कळतं. आणि नको वाटलं की हात सोडता येतो.

मदत दोन्हीकडे आहे. मी कधीच कोणावर अवलंबून राहणार नाही, असं म्हणणारा अंध मला भेटलेला नाही, डोळसही नाही. मला एवढंच विचारायचं असतं की पकड कोणाची आहे.

२०२५च्या जुलैमध्ये गुजरातमधल्या वाडीनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीचं प्रकरण घडलं, तेव्हा मी वर्गात हेच उदाहरण दिलं. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. १८ जुलैला युरोपीय संघानं रशियावरच्या निर्बंधांचं अठरावं पॅकेज जाहीर केलं, त्यात नायराचं नाव आलं. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी भारतातली, कर्मचारी भारतातले, परवान्याचे पैसे भरलेले आहेत असं कंपनीचं म्हणणं. निर्णय ब्रुसेल्सचा आणि बटण एका अमेरिकी कंपनीच्या हातात. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांचं मेलखातं बंद झाल्याची बातमी आली होती. अमेरिकेनं फेब्रुवारीत त्यांच्यावर निर्बंध लादले होते. आपण न्यायालयाच्या सेवा थांबवल्या नाहीत, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. शब्द कुठला खरा मानायचा तो माना. त्यानंतर त्या न्यायालयानं जर्मनीत तयार झालेल्या ओपनडेस्क या मुक्त प्रणालीकडे वळायचं ठरवलं.

रशियाची बाजू बरोबर की युरोपची, हा माझा विषय नाही. कोणाचं तरी भांडण कोणाशी तरी होतं आणि तिसऱ्याच माणसाच्या टेबलावरची खिडकी बंद होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बँकेतला माझा डोळस सहकारी म्हणाला, "मेल बंद झालं तर चार दिवस कागदावर काम करू." त्याचं बरोबर आहे. त्याच्यासाठी कागद ही मागची वाट आहे. माझ्यासाठी छापलेला कागद कोरा असतो. माझ्यापुढून स्क्रीन रीडर गेला की बँक, बातमी, बसचं वेळापत्रक, बहिणीचा निरोप, सगळं एकाच वेळी जातं.

५. स्वदेशी म्हणजे मुक्त, असं धरून चालू नये

नायराच्या प्रकरणानंतर आपल्याकडे स्वदेशी सॉफ्टवेअरची चर्चा जोरात सुरू झाली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेलखाती तमिळनाडूतल्या झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याची बातमी ऑक्टोबरमध्ये आली. मला त्यात वाईट काही दिसत नाही. आपल्या लोकांनी चांगलं सॉफ्टवेअर करावं आणि ते खपावं. पण ज्याचा कोड बंद आहे, त्यात 'ज्ञ' चुकला तर मी तितकीच हतबल असते, मग तो कोड चेन्नईत लिहिलेला असो की सिअ‍ॅटलजवळ. आज दंड धरणारा हात आपल्या माणसाचा आहे, इतकाच फरक. केंद्र सरकारनं २०१५मध्येच शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलेलं आहे. ते धोरण वाचून काढावं, असं मी प्रत्येक स्वदेशीप्रेमी मित्राला सांगते.

आपल्या मातीत याहून चांगलं उदाहरण आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला: माणशी एक पैसा. त्या पैशापैशातून १९०८मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. एकाही मोठ्या धन्याची मेहरबानी त्यामागे नव्हती, आणि तिथे काच करायला शिकलेली माणसं पुढे देशभर गेली. एनव्हीडीए चालवणारी संस्थाही देणग्यांवर उभी आहे. मोठ्या कंपन्यांची अनुदानं तिला मिळाली आहेत, पण वापरणाऱ्यांच्या लहान लहान देणग्याही त्यात आहेत. आमच्या वर्गात दिवाळीला एक डबा ठेवतो. कोणी दहा टाकतं, कोणी शंभर, आणि जमलेली रक्कम तिकडे जाते. मुलं त्याला पैसा फंडच म्हणतात.

६. खुलं आहे म्हणून आपल्याला उघडतंच असं नाही

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडावं लागतं. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारे बहुतेक तरुण डोळस आहेत, तळमळीचे आहेत, आणि अंधांचा प्रश्न नेहमी पुढच्या आवृत्तीवर ढकलतात.

२००५मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं ठरवलं की १ जानेवारी २००७पासून सरकारी दस्तऐवज ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवायचे. विचार फार मोलाचा होता: सरकारी कागद वाचायला नागरिकाला कुठल्या कंपनीचा प्रोग्राम विकत घ्यावा लागू नये. पण हे स्वरूप हाताळणारं ओपनऑफिस तेव्हा स्क्रीन रीडरशी नीट बोलत नव्हतं. अंध आणि अपंग कर्मचारी घाबरले: हे लागू झालं तर आमची नोकरी? निर्णय ज्यांना आधीपासून नको होता, त्यांना हा मुद्दा आयता मिळाला. राज्याचे माहिती तंत्रज्ञान प्रमुख पीटर क्विन यांनी राजीनामा दिला, आणि २००७मध्ये राज्यानं मायक्रोसॉफ्टचं स्वरूपही मान्य यादीत घेतलं.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. आमची माणसं वापरली गेली असं वाटलं, आणि त्यांची भीती खरी होती हेही कळत होतं. सुरुवातीलाच चार अंध कर्मचाऱ्यांना बोलावून त्यांच्यापुढे तो प्रोग्राम ठेवला असता, तर कदाचित हे झालं नसतं. त्या झगड्याच्या काळातच आयबीएमनं प्रोग्रामला स्क्रीन रीडरशी बोलतं करणारी आयअ‍ॅक्सेसिबल२ ही जोडणी तयार केली आणि २००६च्या अखेरीस ती सगळ्यांना खुली केली. आज लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स एनव्हीडीएशी बोलतात, त्यात या जोडणीचा मोठा वाटा आहे.

लिनक्स या मुक्त प्रणालीवरच्या ऑर्का या स्क्रीन रीडरची गोष्टही अशीच. तो सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडला. २०१०मध्ये ओरॅकलनं ती कंपनी घेतली आणि सुगम्यतेचं, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल असं सॉफ्टवेअर करण्याचं, काम करणाऱ्या माणसांना कमी केलं. बंद प्रोग्राम असता तर तिथेच संपला असता. कोड उघडा होता म्हणून जोनमरी डिग्ज यांना तो पुढे नेता आला, आणि त्या वर्षानुवर्षं नेत राहिल्या. पण इतक्या अंधांचा लिनक्सवरचा सगळा व्यवहार बऱ्याच अंशी एका व्यक्तीच्या चिकाटीवर उभा असणं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. २०२३मध्ये जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडानं लिनक्सवरच्या ग्नोम या मुक्त प्रकल्पाला १० लाख युरो दिले आणि त्यातला काही भाग सुगम्यतेच्या कामासाठी गेला. हे मला फार आवडलं. डिजिटल स्वातंत्र्यासाठी काढलेल्या निधीत अंधांचा वाटा वेगळ्या दयेच्या खात्यात न टाकता मुख्य कामातच धरला होता.

आमच्या वर्गात आठ संगणक आहेत, सगळे देणगीत आलेले, जुने. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि यांतल्या एकावरही विंडोज ११ चढत नाही. एनव्हीडीए कितीही मुक्त असलं तरी ते विंडोजवरच उभं आहे, हे तेव्हा पुन्हा टोचलं. आम्ही आठांपैकी पाचांवर लिनक्स घातलं. सोपं गेलं नाही. एकदा नवीन सुधारणा चढवल्यावर पासवर्ड मागणाऱ्या पहिल्याच पडद्यावर आवाज बंद पडला. आत गेल्याशिवाय आवाज नाही आणि आवाजाशिवाय आत जाता येत नाही. शेजारच्या दुकानातल्या मुलाला बोलवावं लागलं. मुलं म्हणाली, ताई, परत विंडोज टाका. तीन संगणकांवर ते अजून आहे, कारण सोमवारी परीक्षा असलेल्या मुलाला मी तत्त्वासाठी अडवणार नाही. पण केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं २०२४मध्ये ठरवलं. आमचे पाच होतील तसे होतील.

७. ई, जे, के, कॅपिटल बी, एच

हे 'मराठी' या शब्दाचं स्पेलिंग आहे. जुन्या एका प्रचलित फाँटात 'मराठी' टाइप केलं की संगणकाच्या पोटात ही पाच रोमन अक्षरं बसतात. पडद्यावर फक्त चित्र देवनागरीचं दिसतं. डोळसाला फरक कळत नाही. माझा स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. तरी आजही निमंत्रणपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या फाइली अशा फाँटांमध्ये येतात. माझ्या आवडत्या एका लेखिकेचं पुस्तक मी प्रकाशकांकडे मागितलं. त्यांनी मोठ्या मनानं छपाईची फाइल पाठवली, आणि तीनशे पानं नुसती "ई जे के बी एच" वाजली. चूक त्यांची नव्हती, त्यांच्या संगणकावर वीस वर्षं तेच चालत आलेलं. मुंबईच्या एक टाइप या गटानं मुक्ता आणि बलू यांसारखे देखणे युनिकोड फाँट सगळ्यांना खुले करून दिलेत, त्यामुळे युनिकोडचे फाँट सुंदर दिसत नाहीत ही सबबही राहिलेली नाही. सरकारी परिपत्रक कागदावर छापायचं, त्याचा फोटो काढायचा आणि त्याची पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकायची, ही रीत तर कुठल्याच फाँटनं सुधारणार नाही. ती माणसांनी सोडायची आहे.

८. कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तो पुरत नाही

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळखपडताळणी, सर्वांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगत होतं. अंधांनाही तेच सांगितलं जायचं. मी स्वतः बँकेत काम करते आणि माझंच खातं मला फोनवरून उघडता आलेलं नव्हतं.

निकाल आला त्या दिवशी मी रडले. पण न्यायालय प्रत्येक नव्या अ‍ॅपच्या मागे येऊ शकत नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं त्या दिवशी, निविदेच्या कागदावर, आमचं नशीब ठरतं. एकदा करार झाला की पुढची सात वर्षं "पुढच्या सुधारणेत बघू" ऐकायचं.

म्हणून या वर्षी आम्ही वर्गात बसून निविदेत घालायची दोन वाक्यं तयार केली. पहिलं: "शेवटचा हप्ता देण्यापूर्वी किमान दोन अंध कर्मचाऱ्यांनी ही प्रणाली मुक्त स्क्रीन रीडर वापरून, डोळस व्यक्तीच्या मदतीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिलेली असावी." दुसरं: "करार कोणत्याही कारणानं संपला, तर संस्थेची सर्व माहिती खुल्या स्वरूपात, नव्वद दिवसांच्या आत, विनामूल्य परत मिळावी." मसुदा एका वकील मैत्रिणीनं तपासून दिला. 'डोळस व्यक्तीच्या मदतीशिवाय' हे शब्द मुलांनी हट्टानं घातले.

माझ्या बँकेच्या खरेदी विभागाला ती वाक्यं दिली आहेत. मुलांनी आपापल्या गावच्या नगरपालिकेला आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पाठवली आहेत. तुमच्या घरात, कचेरीत कोणी निविदा लिहीत असेल तर ती उचला आणि तशीच घाला. आमचं नाव घालायची गरज नाही.